असीरगडचा अश्वत्थामा आणि ‘पुराना मंदिर’



आपल्या बुऱ्हाणपूरकरांच्या लग्नाकार्यात जेवणं आटोपली, सतरंजीवर मंडळी पाय पसरून बसली आणि पानाचं तबक फिरायला लागलं, की एक गोष्ट हटकून निघते. ‘पंच्याऐंशी साली स्काउटच्या पोरांना असीरगडावर अश्वत्थामा दिसला होता, एका पोराचा पाय गेला.’ सांगणारा बदलतो, गोष्ट वाढत जाते. कुणी म्हणतं तो आठ फूट उंच होता, कुणी म्हणतं कपाळातून रक्त वाहत होतं आणि त्याने तेल मागितलं. दोन वर्षांपूर्वी खंडव्याच्या एका लग्नात मी हीच गोष्ट एका पंचविशीतल्या मुलाकडून ऐकली. त्यात त्या अश्वत्थाम्याने संस्कृतात काहीतरी म्हटलं होतं.

तो अश्वत्थामा मी होतो. वय वर्षं पंधरा, उंची पाच फूट दोन इंच, अंगावर आजोबांची घोंगडी.

आज हे सगळं लिहायचं ठरवलंय. ज्याचा पाय मोडला त्याची परवानगी घेतली आहे. त्याचं नाव लिहीत नाही. जुन्या मंडळींना कळेलच, त्यांनीही लिहू नये ही विनंती. पण नुसती कबुली देऊन गोष्ट कळणार नाही. त्या वेळचा सिनेमा आणि तो आपल्या गावात कसा यायचा हे सांगितल्याशिवाय पंधरा वर्षांच्या पोराच्या डोक्यात ते खूळ कसं शिरलं हे समजायचं नाही. म्हणून जरा लांबण लागेल.

माझे एक मामा भुसावळला सिनेमाच्या एका वितरकाच्या कचेरीत कारकून होते. आजच्या पोरांना सांगून पटत नाही, पण त्या काळी सिनेमाच्या धंद्यात भुसावळ हे मोठं नाव. हिंदी सिनेमाचा देश ‘सर्किट’ म्हणून वाटलेला असायचा आणि आपलं सर्किट म्हणजे सी. पी. बेरार. राज्यं १९५६ साली बदलली, प्रांत गेले, नकाशे नवे आले, पण सिनेमावाल्यांनी इंग्रजांचा मध्य प्रांत आणि वऱ्हाड काही सोडला नाही. मुंबईहून सिनेमाची पेटी यायची ती भुसावळ, अमरावतीच्या कचेऱ्यांत, तिथून रेल्वेने गावोगाव. बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात, कचेरी महाराष्ट्रात, आणि मधे जेमतेम तासाभराची पॅसेंजर. आपण मराठी घरं तिकडची का इकडची या प्रश्नाला मामांचं उत्तर ठरलेलं होतं : ‘तुम्ही सी. पी. बेरारचे.’

पेटी म्हणजे खरोखरच पत्र्याची पेटी. एक रीळ साधारण हजार फुटांचं, पडद्यावर दहा-अकरा मिनिटं चालणारं. असे चौदा-पंधरा डबे. लालबागला, म्हणजे आपल्या स्टेशनवर, पेटी उतरली की हमाल ती हातगाडीवर टाकून टॉकीजकडे न्यायचा आणि आम्ही पोरं मागे मागे. पेटीबरोबर कधी कधी वितरकाचा माणूसही यायचा, तिकिटं मोजायला. मालक किती विकली सांगतो आणि खुर्च्या किती भरल्या यांचा मेळ घालणं हे त्याचं काम. मामा उमेदीत हे काम करून आले होते. त्यांचं म्हणणं, मोठ्या हिरोची पेटी घ्यायची तर आधी मोठी रक्कम मोजावी लागते, चालला नाही तर लहान टॉकीजवाला मेलाच. भुताची पेटी स्वस्त. एक आठवडा चालली तरी पैसे वसूल, आणि सहा महिन्यांनी परत आणली तरी लोक येतात.

या भुताच्या पेट्यांवर एकाच घराण्याचं नाव असायचं. रामसे.

त्यांची हकीकत सिनेमापेक्षा रंगतदार आहे. मूळ आडनाव रामसिंघानी, सिंधी घर. वडील फतेहचंद, सगळे त्यांना एफ. यू. रामसे म्हणत. कराचीला त्यांचं रेडिओचं दुकान होतं. गोऱ्या गिऱ्हाइकांना आडनाव उच्चारता येईना म्हणून त्याचं रामसे झालं. फाळणीत मुंबईला आले, लॅमिंग्टन रोडला पुन्हा दुकान टाकलं आणि सिनेमाच्या नादी लागले. ‘शहीद-ए-आझम भगतसिंग’, ‘रुस्तम सोहराब’ असे सिनेमे काढले. १९७० साली ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ काढला आणि तो आपटला. मुलं मात्र टॉकीजमध्ये जाऊन लोकांची तोंडं बघत बसली होती. सिनेमात एक प्रसंग होता, पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून चोरीला शिरतात. बाकी सिनेमाला जांभया देणारं पब्लिक तेवढ्या प्रसंगाला खुर्चीत सरसावून बसायचं. तुलसी आणि श्याम या भावांनी वडिलांना सांगितलं, सगळा सिनेमाच असा काढू या.

सात भाऊ. कुमार लिहिणार, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करणार, गंगू आणि केशू कॅमेऱ्यामागे, किरण आवाजाकडे, अर्जुन संकलनाला. वडिलांनी सगळ्यांना काश्मीरला हाउसबोटीवर नेलं आणि कॅमेऱ्याचं एक इंग्रजी पुस्तक पुढ्यात ठेवून महिनोन् महिने घोकून घेतलं. आपल्याकडे हलवायाच्या घरात पोराला कढईपुढे बसवतात तसं.

१९७२ सालचा ‘दो गज जमीन के नीचे’ हा त्यातून निघालेला पहिला माल. तो कुठे काढला माहीत आहे? आपल्या महाबळेश्वरला. स्टुडिओ भाड्याने घेतला असता तर पैसे तिथेच संपले असते. त्याऐवजी भाऊ, वहिन्या, नट आणि मोजकी माणसं असा सगळा लवाजमा बसमध्ये बसला आणि महाबळेश्वरच्या सरकारी विश्रामगृहात जाऊन उतरला. स्वयंपाक घरच्या बायका करायच्या. सेट लावायला नको, कारण धुकं महाबळेश्वरचं, झाडं महाबळेश्वरची, आणि जुना बंगला आयताच. महिना-सव्वा महिन्यात सिनेमा पुरा करून परत. खर्च साडेतीन लाखांच्या आसपास आला असं सांगतात. त्या काळी मोठ्या नटाचं मानधनच त्याहून जास्त असायचं. सिनेमाची जाहिरात रेडिओवर अशी काही झाली की ती आवाजी किंकाळी ऐकून आमच्या आजीने म्हणे रेडिओवर रुमाल टाकला होता. मी तेव्हा दोन वर्षांचा, हे ऐकीव.

भुताचे सिनेमे त्याआधी नव्हते असं नाही. ‘महल’ १९४९ चा, आणि त्यातले अशोककुमार तर आपल्या खंडव्याचे, म्हणून आपल्याकडे त्याचं जास्तच कौतुक. ‘बीस साल बाद’, ‘वह कौन थी’, ‘गुमनाम’ हे सगळे होऊन गेले होते. ‘गुमनाम’मध्ये तर ओसाड जागी अडकलेली मंडळी एकेक करून मरतात, हाच मामला. पण त्या सगळ्यांत शेवटी कळायचं की भूत नाहीच, कुणीतरी माणसाने इस्टेटीसाठी किंवा सूडासाठी केलेला बनाव आहे. रामसेंनी पुढे पुढे भूत खरंच ठेवलं. माझं मत विचाराल तर बाकी सगळं उसनं होतं, ही एक गोष्ट त्यांची स्वतःची. लहान गावातल्या पब्लिकला तेच हवं होतं, कारण आमच्या गावात भूत हा बनाव आहे असं कुणीच मानत नव्हतं.

आणि आमचं गाव कसं? खटखट चालणारे माग, केळीच्या गाड्या, मावा जलेबी, आणि दर दोन गल्ल्यांमागे एक पडीक वास्तू. तापीपलीकडे जैनाबादला आहूखाना. मुमताज महल १६३१ च्या जूनमध्ये बुऱ्हाणपुरात बाळंतपणात गेली, तिला आधी तिथे पुरलं आणि सहा महिन्यांनी आग्र्याला नेलं. संध्याकाळी तिकडे पतंगामागे गेलो की आजी रागवायची, ‘बाळंतीण गेलेली जागा आहे ती.’ कुंडी भंडारा, अब्दुल रहीम खानखानांच्या वेळचं ते जमिनीखालचं पाणी, साल १६१५. शंभरावर विहिरी भुयाराने जोडलेल्या, इराणी पद्धतीचं काम, आजही बघायला लांबून लोक येतात. पण गावातली अर्धी माणसं त्याला खूनी भंडारा म्हणतात आणि पोरांना तेवढंच लक्षात राहतं.

या सगळ्याच्या वर असीरगड. खंडव्याच्या रस्त्याला, वीसेक किलोमीटरवर, सातपुड्याच्या खिंडीवर बसलेला. दख्खनचा दरवाजा म्हणायचे त्याला. अकबरासारख्या बादशहाला तो घ्यायला १६०१ साल उजाडलं. वर महादेवाचं देऊळ, मशीद, तळी, इंग्रजांच्या पडक्या बराकी, आणि सागाचं रान. अश्वत्थामा रोज पहाटे त्या महादेवाला फूल वाहून जातो ही कथा आपल्या प्रत्येक घरात सांगितलेली आहे. कपाळावरचा मणी काढलेला, जखम भळभळती, तेल-हळद मागत फिरणारा. मला लहानपणी त्याची भीती वाटायची नाही, कीव यायची. पांडवांची झोपलेली मुलं मारली हे माहीत असूनही.

आता १९८५.

‘पुराना मंदिर’ १९८४ चा, पण लहान गावात नवा सिनेमा नवा असताना कधी यायचा नाही. आमच्याकडे तो उन्हाळ्याच्या सुट्टीत आला. पोस्टरवर ‘ए’. मी आणि माझा मित्र दोघं नववी पास होऊन दहावीत चाललेलो. त्याचं घर आमच्या घराला लागून, मधली भिंत एकच. त्याची आई आणि माझी आई पापड लाटायला एकत्र, दिवाळीची चकली एकाच सोऱ्यातून. त्या टॉकीजचा दारवान आमच्या ओठांवर नसलेल्या मिशांकडे बघून हसला आणि आत सोडलं. मामांचं नाव सांगितलं होतं.

सिनेमा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दोनशे वर्षांपूर्वी सामरी नावाचा सैतान, त्याला राजा पकडतो, मुंडकं आणि धड वेगळं करून वेगवेगळ्या जागी ठेवतो. मरताना सामरी शाप देतो की या घराण्यातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल. (जैनाबाद आठवलं ना? मला त्या अंधारात तेच आठवलं.) मग आजच्या काळात त्या घराण्याची मुलगी, तिचा प्रियकर आणि एक मित्र जोडपं असे चौघं शापाचा छडा लावायला रानातल्या जुन्या हवेलीत राहायला जातात, आणि पुढे व्हायचं ते होतं. प्रियकर म्हणजे मोहनीश बहल. आईला नंतर हे कळलं तेव्हा चोरून सिनेमा पाहिल्याचा राग अर्धा उतरला, ‘अगंबाई, नूतनचा मुलगा का!’ ललिता पवार होत्या, सदाशिव अमरापूरकर होते, आणि जगदीपची ‘शोले’ची नक्कल होती, जी आज बघवत नाही. मित्र झाला होता पुनीत इस्सर. तीन वर्षांनी तोच दूरदर्शनवर दुर्योधन म्हणून उभा राहिला तेव्हा आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं होतं. अश्वत्थाम्याचा दोस्त शेवटी दुर्योधनच.

सामरी झालेले गृहस्थ अनिरुद्ध अग्रवाल, पडद्यावर नाव अजय. सहा फुटांच्या बरेच वर उंची, लांबट चेहरा. रुरकीला शिकलेले सिव्हिल इंजिनिअर, बरं का! नोकरी बांधकामाची आणि रात्रपाळी सैतानाची. रामसेंनी त्यांना फारसा मेकअप दिला नाही, दिवा दिला. चेहऱ्यावर खालून पडलेला उजेड, बाकी काळोख. स्वस्तातलं काम, पण काय काम! उजेड वरून पडला की माणूस दिसतो आणि खालून पडला की भूत, ही विद्या मी त्या दिवशी शिकलो.

पुढे मोठेपणी अमेरिकेतले या जातीचे सिनेमे पाहिले. व्हिडिओ पार्लरमध्ये ‘ईव्हिल डेड’, नंतर ‘फ्रायडे द थर्टीन्थ’, आणि शतक संपताना आलेला ‘ब्लेअर विच प्रोजेक्ट’, जो तीन पोरांना मेरिलँडच्या रानात कॅमेरे देऊन आठेक दिवसांत उरकला आणि ज्याने जगभरात करोडो डॉलर ओढले. तिकडे आणि इकडे हिशोब तोच : नट नवे, जागा एकच, आणि तीही रानातली. फरक एवढा की तिकडची पोरं तंबू ठोकून मजा करायला जातात आणि मरतात. आपली पोरं रानात जातात ती पूर्वजांचं देणं फेडायला. आमच्या भुतालासुद्धा खानदान लागतं.

तर, डिसेंबरची सुट्टी. शाळेचा स्काउट कॅम्प, असीरगडाच्या पायथ्याला, दोन रात्री. तीसेक मुलं, चार तंबू, सर दोन. पहिल्या रात्री खिचडी, बटाट्याची भाजी, शेकोटी. सरांनी अश्वत्थाम्याची गोष्ट सांगितली आणि ती छान सांगितली. वाऱ्याने सागाची वाळकी पानं खडखडत होती. गोष्ट संपल्यावर कुणी एकटं तंबूकडे जाईना. माझा मित्र तेवढा हसत होता. तो धीट होता, गावातला वेगवान बॉलर होता, आणि गेले सहा महिने मला ‘पुराना मंदिर’वरून चिडवत होता, कारण इंटरव्हलनंतर मी डोळे झाकले होते आणि ते त्याने वर्गात सगळ्यांना सांगितलं होतं. ही गोष्ट किती लहान आहे ते बघा. एवढ्याचा राग मी जपून ठेवला होता.

दुसऱ्या रात्री तो लघवीला उठला. मी जागाच होतो. घोंगडी डोक्यावरून घेतली, दोन सेलची टॉर्च उचलली आणि वळसा घालून गडाच्या वाटेवर जिथे पायऱ्या सुरू होतात तिथे दगडामागे जाऊन बसलो. त्याने परत फिरताना मी उभा राहिलो, टॉर्च हनुवटीखाली धरून पेटवली आणि तोंड वासलं. आवाज केला नाही. सामरी फारसा बोलत नसे.

तो ओरडला नाही. मागे सरकला, एक पाऊल, दोन पावलं. मागे पायऱ्यांचा उतार आहे हे मला दिसत होतं, त्याला नव्हतं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग टॉर्च विझवली.

इथे थांबून मला वाचणाऱ्यांना एक सांगायचंय. मी तेव्हाच धावत गेलो असतो तर ही फक्त एक वाह्यातपणाची गोष्ट झाली असती. मी तंबूत पळालो, घोंगडी पांघरली आणि बाकीच्या पोरांबरोबर जागा झाल्याचं सोंग केलं. कंदील घेऊन सरांच्या मागे मीही गेलो. तो पांढराफटक पडला होता. सरांनी विचारलं, ‘काय झालं रे?’ त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, ‘कुणीतरी होतं.’ कुणीतरी होतं, एवढंच. अश्वत्थामा हा शब्द दुसऱ्याच पोराने काढला, आणि ट्रकमधून त्याला बुऱ्हाणपूरला पोचवेपर्यंत सगळ्यांनी तो धरला होता.

नडगीचं हाड. महिनोन् महिने प्लास्टर. हाड जुळलं, पण पाय किंचित आखूड राहिला. बॉलिंग गेली. दहावीची परीक्षा त्याने पाय बाकावर ठेवून दिली. गावात मात्र तो मोठा माणूस झाला होता. लांबलांबून लोक यायचे, विचारायचे, कसा होता? तो गप्प बसायचा. त्या गप्प बसण्याने गोष्ट अजून खरी वाटायची. त्याच्या आईने श्रावणात असीरगडच्या महादेवाला तेल न्यायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी बरोबर माझी आई होती आणि तेलाची कासंडी धरायला मी.

नंतरचं जास्त वाईट. आपल्या समाजात स्थळं बघायची वेळ आली तेव्हा त्याच्याबद्दल ‘पायाचं सोडा हो, पण त्याला बाहेरचं काही आहे’ असं हळूच सांगितलं जायचं. रावेरकडची एक सोयरीक जवळजवळ ठरून मोडली, ती याच कारणाने. मी तोवर नोकरीला पुण्यात. पत्रातून आईने कळवलं. मी पत्राला उत्तर लिहिलं, त्यात पगाराचं, खोलीचं, मेसच्या जेवणाचं लिहिलं.

१९९३ साली झी टीव्हीवर रामसेंचा ‘हॉरर शो’ सुरू झाला. रात्री सगळ्या बिल्डिंगीत एकाच वेळी ते संगीत वाजायचं. बायकोला फार आवडायचा. मी उठून गॅलरीत जायचो. तिला वाटायचं मी भितो. त्याच सुमाराला मित्राचं लग्न झालं, त्याच्यापेक्षा शहाण्या मुलीशी. तिने बोलणीच्या वेळी सरळ विचारलं म्हणे, ‘अश्वत्थामा दिसला तर दिसला, त्यात वधूपक्षाने काय करायचं?’ आज त्याचं केळीच्या खताचं दुकान आहे, दोन मुली शिकून बाहेर आहेत, आणि चालताना डावा खांदा जरा खाली जातो.

सप्टेंबर २०१९ मध्ये पेपरात श्याम रामसे गेल्याची बातमी आली. आदल्या वर्षी तुलसी गेले होते. बातमी छोटीशी, पण खाली ‘पुराना मंदिर’चं नाव आणि सामरीचा फोटो, खालून पडलेला उजेड. मी तो फोटो किती वेळ बघत बसलो कुणास ठाऊक. संध्याकाळी त्याला फोन लावला. चौतीस वर्षांनी. प्रस्तावना न करता सांगितलं, ‘असीरगडला तो मी होतो.’

तिकडून दुकानातल्या गिऱ्हाइकाचा आवाज येत होता. त्याने त्याला सुट्टे दिले. मग म्हणाला, ‘माहीत आहे.’

‘कधीपासून?’

‘तेव्हाच. तुझ्या आजोबांच्या घोंगडीचा वास ओळखतो मी. पडल्यावर अंगावरून गेलास ना पळताना.’

मी म्हटलं, मग बोलला का नाहीस? शाळेत, घरी, कुठेही. तो म्हणाला, आधी राग होता म्हणून. तू येऊन सांगशील याची वाट बघत होतो, बघू किती दिवस लागतात. मग दिवसांची वर्षं झाली. ‘आणि मग आईचं झालं. ती दर श्रावणात तेल घेऊन गड चढायची. तिला वाटायचं, माझ्या पोराला चिरंजीवाने दर्शन दिलं, पाय घेतला पण आयुष्य देईल. तिला काय सांगू? शेजारच्याने बॅटरी दाखवली?’

त्याची आई २०१६ मध्ये गेली. गुडघे होते तोवर तिने गड सोडला नव्हता.

बोलणं तिथेच संपलं. त्याने माफ केलं असं काही म्हटलं नाही, मीही मागितली नाही, मागायला हवी होती. त्यानंतर वर्षभर फोन नाही. मग करोनाच्या पहिल्या लाटेत माझी आई इथे पुण्यात गेली. घरी कुणाला येता येत नव्हतं, त्या दिवशी पहिला फोन त्याचा होता. आमच्या मधल्या भिंतीबद्दल, त्या एका सोऱ्याबद्दल तो बराच वेळ बोलत राहिला. त्या दिवसापासून आम्ही पुन्हा बोलतो.

मागच्या दिवाळीत बुऱ्हाणपूरला गेलो. ते टॉकीज बंद आहे. आमचं घर विकलं गेलं, त्याचं आहे. त्याच्या धाकट्या मुलीने मोबाइल टीव्हीला जोडून आम्हा दोघांना ‘पुराना मंदिर’ लावून दिला आणि आमच्यापेक्षा मोठ्याने हसत बसली. तिला सामरी गोड वाटला. इंटरव्हलच्या जागी मित्राने माझ्याकडे वळून बघितलं, डोळे झाकतो का ते. झाकले नाहीत.

मी त्याला म्हटलं, हे एकदा लिहून टाकतो, लग्नांतली गोष्ट तरी थांबेल. तो म्हणाला, थांबणार नाही, पण लिही. छापायच्या आधी मला वाच. परवा फोनवर सगळं वाचून दाखवलं. पूर्ण ऐकलं. रावेरच्या सोयरिकीचं राहू दे म्हणाला, बायकोला माहीत आहे.

एकच दुरुस्ती सांगितली. टॉर्च दोन सेलची नव्हती, तीन सेलची होती, आणि ती त्याची होती. संध्याकाळी माझ्या तंबूत विसरला होता, अजून परत मिळाली नाही.